गावाकडच्या घरासाठी प्रिंटर

नमस्कार मंडळी,
आईबाबा दारव्ह्याजवळ गावी राहतात. सातबारा, आठ-अ, आधारची प्रत, एवढ्यासाठी बाबांना दर वेळी तालुक्याला जावं लागतं. दिवाळीत जाताना इथूनच प्रिंटर न्यावा म्हणतो, सेलमध्ये फार स्वस्त आहे. कोणी नेलाय का?
– न्यू जर्सीहून

उत्तर:
भाऊ, इथून नेऊ नका. इथली बरीच मशीनं ११०-१२० व्होल्टची असतात, आणि काही कंपन्यांची शाईची काडतुसं ज्या भागात विकली त्याच भागातल्या मशीनला चालतात. यवतमाळलाच घ्या, बिघडला तर दाखवायलाही बरं.

आणि मशीनची किंमत बघून ठरवू नका. माझी आई अकोट तालुक्यात असते. तिच्याकडे आम्ही काडतुसाचा स्वस्त प्रिंटर ठेवला होता. महिन्याला दहा पानंसुद्धा निघत नसत. उन्हाळाभर तो पत्र्याखालच्या खोलीत पडून होता. जूनमध्ये पीककर्जासाठी आठ-अ काढायला बसली, तर कागदावर नुसते पांढरे पट्टे, खातेदाराच्या नावाची वरची रेघ तेवढी उमटलेली. भाच्याने तीनदा हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, साफ केलं. त्या साफसफाईलाही शाईच लागते, ती मशीनच्या तळाशी स्पंजात मुरते. तिसऱ्यांदा काडतूस रिकामं! पेरणी तोंडावर आणि आई एसटीने अकोटला. फार वाईट वाटलं मला.

डब्यावर पानांचा आकडा असतो, त्याने किंमत भागा. समजा काडतूस ८०० रुपयांना आणि पानं १२०, म्हणजे पानाला साडेसहा रुपयांच्या वर. त्यातली निम्मी शाई वाळली किंवा साफसफाईत गेली, तर तेरा. टाकीवाल्यात, म्हणजे बाटलीने शाई भरायच्या प्रिंटरात, एप्सनची ००३ नंबरची काळी बाटली ६५ मिलिलिटरची, तिच्यावर ४५०० पानं सांगतात. ती चारशेला धरली तरी पानाला नऊ पैसे. पण एप्सनच्या टाकीवाल्याचं हेड मशीनमध्येच असतं. ते चोंदलं तर काडतुसासारखं बदलून भागत नाही, खर्च मोठा येतो. म्हणून आठवड्याला एक रंगीत पान काढायचंच, आणि बंद करायचा तो मशीनच्या बटणाने, बोर्डावरून नाही. बटणाने बंद केलं की हेड जागेवर जाऊन झाकलं जातं. छपाई चालू असताना लाईन गेली तर ते उघडंच राहतं, म्हणून लाईन आल्यावर मशीन पुन्हा चालू करून मगच बंद करायचं.

रंगीत लागत नसेल तर साधा काळा लेझर घ्या. टोनर म्हणजे भुकटी, वाळायचा प्रश्नच नाही. एचपीचा १२ए नंबरचा टोनर २००० पानांचा, तुमच्या बाबांना कित्येक वर्षं पुरेल. मात्र तो कागद तापवून छापतो, काहीशे वॅट ओढतो. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर लावू नका.

उत्तर:
ताई, बाबांशी बोललो. रंगीत काहीच लागत नाही म्हणाले. सकाळी लाईन असते, तेव्हाच काढून ठेवतील. लेझरच घेतो. नव्या मशीनसोबतचा टोनर कमी भरलेला असतो असं ऐकलंय, खरं का?

उत्तर:
बऱ्याच मॉडेलांत खरं आहे. दुकानात विचारा की सोबतचा किती पानांचा आणि पुढचा कितीला पडेल, आणि तो यवतमाळात मिळतो का. मिळत नसेल तर दुसरं मॉडेल बघा.