प्रार्थनेचं वेळापत्रक लावायचं का?

पहाटघंटा
आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर आठवड्याला दीड तासाची प्रार्थना सभा असते. परवा घड्याळ लावून बसलो. गाणी चाळीस मिनिटं, वचन, म्हणजे प्रवचन, अर्धा तास, घोषणा, मग कोणाचा वाढदिवस. प्रत्यक्ष प्रार्थना अकरा मिनिटं, तीही एकाच बंधूंची. बाकीचे 'आमेन'चे धनी. नाव मात्र प्रार्थना सभा!

माझं म्हणणं असं की प्रार्थना हे मंडळीचं सेवाकार्य असेल, तर संडे स्कूलसारखीच त्याची आखणी हवी. जबाबदार माणूस एक, आणि तो पाळक नको, कारण त्यांच्यावर आधीच सगळं लादलेलं आहे. विषयांची वही. उपासनेनंतर ज्यांना हवं त्यांच्यासोबत प्रार्थना करायला शिकवून तयार केलेल्या जोड्या. सहा महिन्यांनी बसून काय चाललं, काय नाही ते बघायचं. यात अध्यात्माला धक्का कुठे लागतो?

कोपऱ्यातला बाक
लागतो. प्रभू येशूने खोलीत जाऊन दार लावायला सांगितलं, वहीत नाव लावायला नाही. आणि समिती नेमली की काय होतं ते मी पाहिलंय. पहिल्या महिन्यात उत्साह, तिसऱ्या महिन्यात हजेरीपट, आणि मंडळीतले बाकीचे निवांत: 'प्रार्थना ना, ते लोक करतात.' जे सगळ्यांचं होतं ते पाच जणांचं खातं होऊन बसतं.

पहाटघंटा
खोलीतली प्रार्थना कोण बंद करतंय? पण त्याच प्रभूच्या शिष्यांबद्दल बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात लिहिलंय की पेत्र आणि योहान तिसऱ्या प्रहरी, प्रार्थनेच्या वेळी, मंदिरात चालले होते. वेळ ठरलेली होती. जुन्या करारातला दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा, आणि त्याचं वेळापत्रक शत्रूंनाही पाठ होतं.

न्यूयॉर्कच्या फुल्टन स्ट्रीटवर २३ सप्टेंबर १८५७ ला जेरेमाया लॅनफियर नावाच्या माणसाने दुपारची प्रार्थना सभा ठेवली. पहिला अर्धा तास तो एकटाच होता, शेवटी जमले सहा जण. पुढच्या काही महिन्यांत शहरात दुपारी हजारो माणसं प्रार्थनेला जमू लागली. तिथला नियम काय होता? कोणीही पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलायचं नाही. लांबण लावली की घंटा. वादाचे विषय काढायचे नाहीत. त्या घंटेमुळे आत्मा विझला असं तरी दिसत नाही. (आमच्याकडे ती घंटा आणली तर आधी कोणासाठी वाजेल हे सगळ्यांना ठाऊक आहे, असो.)

रुदा
तुम्ही दोघं वेळेवरून भांडताय. मला भीती वहीची आहे.

दोन वर्षांपूर्वी घरातली एक अगदी खासगी गोष्ट मी एका ताईंना सांगितली. फक्त प्रार्थनेसाठी. त्यांनी ती 'एका बहिणीसाठी जोर लावून प्रार्थना करा' म्हणून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकली. नाव नव्हतं, पण तपशील सगळे होते. रविवारी तीन जणींनी माझा हात धरून 'धीर धर गं' म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत दया होती की उत्सुकता, हे मला आजही सांगता येणार नाही. तेव्हापासून सभेत विषय विचारले की मी 'परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी' एवढंच म्हणते. माझ्यासारख्या बऱ्याच असतील. कुचाळकीला 'प्रार्थनेचा विषय' म्हटलं की कोणाला हटकताही येत नाही.

जुना डीकन
रुदाबाई, हे ऐकून वाईट वाटलं. पण हे आखणी नसल्यामुळे झालं, असल्यामुळे नाही. त्या ताईंना कोणी काही शिकवलं होतं का? काय सांगायचं, कोणापर्यंत सांगायचं, हे ज्याचा विषय त्याने ठरवायचं आणि वहीत तेवढंच लिहायचं. बाईसोबत बाईनेच बसायचं. अंगावर हात ठेवण्याआधी विचारायचं. कोणाला औषध बंद करायला सांगायचं नाही, 'नक्की बरे व्हाल' अशी हमी द्यायची नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना, आजाऱ्याकडे बोलावून तेल लावायला सांगितलंय, डॉक्टरला हाकलायला नाही. एकच गोष्ट गुपित ठेवायची नाही: एखाद्या मुलाला किंवा बाईला मारहाण, अत्याचार होत असेल तर. तिथे नुसती प्रार्थना करून घरी जाणं हा गुन्हा समजावा.

कोपऱ्यातला बाक
डीकनसाहेब, नियम चांगले आहेत, पण ते पाळणारी माणसं आणायची कुठून? आता कोणीतरी जर्मनीतल्या हेर्नहूट गावाचं उदाहरण देईलच, म्हणून मीच देतो. १७२७ मध्ये तिथल्या मोरावियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी २४ पुरुष आणि २४ स्त्रिया अशी प्रार्थनेची तासातासाची पाळी लावली, आणि ती साखळी शंभर वर्षांहून जास्त चालली. सगळे ही आकडेवारी सांगतात. त्याआधी ते लोक आपसात किती भांडत होते ते कोणी सांगत नाही. १३ ऑगस्टला प्रभुभोजनाच्या वेळी मनं जुळली, पाळ्यांचा तक्ता लागला २७ ला. आधी समेट, मग पाळी. आपण उलटं करतोय.

पहाटघंटा
हे मात्र मान्य. चौदा दिवसांचं अंतर माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण तक्ता लागलाच ना शेवटी! समेट झाला म्हणून 'आता ज्याला जमेल तेव्हा' असं ते म्हणाले नाहीत. मी मंडळीच्या वडिलांच्या बैठकीत सहा महिन्यांसाठी दोनच गोष्टी मागणार: उपासनेनंतर दोन जोड्या, आणि सभेतली गाणी निम्मी. रात्रभराच्या साखळीचं नाव आत्ता काढत नाही.

कोपऱ्यातला बाक
गाणी निम्मी करायला माझा पाठिंबा. जोड्यांना नाही.

रुदा
आणि ती वही रात्री कोणाच्या घरी राहणार?