बालवाडीत बोलका रोबो घ्यावा का?

मिरजेची ताई
आमच्या सांगलीच्या बालवाडीत बोलका रोबो घ्यायचं चाललंय. पालकसभेत दोन तट पडले. माझं मत घ्यावा असंच आहे. वर्गात चार वर्षांची एक मुलगी आहे. जूनपासून आम्हा मोठ्यांसमोर तोंड उघडत नाही, पण कोपऱ्यात बसून बाहुलीशी अखंड बोलते. जपानमध्ये फुमिहिदे तानाका यांनी 'नाओ' या छोट्या रोबोला मुद्दाम चुकायला लावलं. मुलांनी त्याला इंग्रजी शब्द शिकवले आणि त्यात त्यांचेच शब्द पक्के झाले. माझ्या या मुलीला असाच कोणीतरी हवाय, तिच्यापेक्षा कमी येणारा.

कृष्णाकाठ
ताई, तळमळ कळते, पण पटत नाही. नेदरलँड्समध्ये पाच-सहा वर्षांच्या सुमारे २०० मुलांवर मोठा प्रयोग झाला, २०१९ मध्ये निष्कर्ष आले. काहींना नुसता टॅबलेट, काहींना टॅबलेट आणि सोबत हाच नाओ. मुलं शब्द शिकली, पण रोबोमुळे जास्त काही शिकली नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पानं, बिया, खडे घेऊन बालवाड्या उभ्या केल्या. तेवढ्या पैशात एक मदतनीस ठेवा. आणि आपल्याकडचं बोबडं बोलणं त्या यंत्राला कळणार आहे का? लहान मुलांचे उच्चार ओळखायला ही यंत्रं अजून कच्चीच आहेत.

हळदीचं पेव
मला वेगळीच भीती आहे. अमेरिकेत 'मॉक्सी' नावाचा मुलांचा रोबो होता, सुमारे ८०० डॉलरचा. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला. त्याचं डोकं इंटरनेटवर, कंपनीच्या यंत्रणेत. ती बंद पडली की तो मुका. आपला मित्र आता बोलणार नाही, हे पोराला कसं समजवायचं?

मिरजेची ताई
मॉक्सीचं ऐकून पोटात कालवलं. इंटरनेटशिवाय चालणाराच घ्यायचा, ही अट मी सभेत मांडेन. पण @कृष्णाकाठ, तुमच्या प्रयोगात रोबो शिकवत होता. मी म्हणते, त्यानं शिकावं. रोज पंधरा मिनिटं, तीन-चार मुलं, शेजारी मी. उच्चार कळला नाही तर मूल पुन्हा सांगेल, सावकाश सांगेल. मला तेच हवंय.

कृष्णाकाठ
कळला नाही म्हणून पुन्हा सांगणं वेगळं, आणि तीनदा सांगूनही कळत नाही म्हणून गप्प होणं वेगळं. तुमची मुलगी दुसऱ्या प्रकारातली वाटते. शिवाय ती बाहुलीला शिकवतेच आहे की!

मिरजेची ताई
बाहुली चुकत नाही ना. समोरचा चुकला की मूल उसळून बोलतं.

कृष्णाकाठ
मग चुकायला माणूस आहे की. आमची आजी भाकरी थापता थापता म्हणायची, "म्हशीला चार शिंगं असतात." आम्ही चौघंही गप्प बसूच शकायचो नाही. तुम्ही बाहुलीजवळ बसा, मुलीकडे बघू नका, आणि बाहुलीला काहीतरी साफ चुकीचं सांगा.

मिरजेची ताई
हे सोमवारी करते. काय झालं ते इथेच लिहीन. रोबोची मागणी मात्र अजून मागे घेत नाही.