जुनी गाडी: तीन दिवस उभी राहिली की बॅटरी बसते, करंट जातो कुठे?

ताळेबंद
नमस्कार मंडळी. गाडी बाबांची, आता माझ्याकडे. १९ वर्षांची, पेट्रोल. रोज चालवली तर काही कुरकुर नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी लावून ठेवली की सोमवारी सकाळी सेल्फ नुसता टक्-टक्-टक्, आणि डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिण. बॅटरी जुनी झाली म्हणून बदलली. नवी कोरी, ४५ अँपिअर-तासांची. पंधरा दिवसांत तिनेही तेच केलं. गॅरेजवाला म्हणाला, "हीपण बदला, पीस खराब निघाला असेल." तिथून निघून आले.

पेशाने मी हिशेबनीस. फरक राहिला की तो सापडेपर्यंत जेवण गोड लागत नाही, म्हणून मल्टीमीटर घेतला. गाडी बंद करून तासाभराने १२.५ व्होल्ट. सोमवारी सकाळी १२.० च्याही खाली. इंजिन चालू असताना १४.१. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ती आणि बॅटरी यांच्या मधोमध मीटर जोडला, तर ३ अँपिअरच्या वर! घाबरून लगेच काढला. पण एवढा करंट जात असेल तर ४५ ची बॅटरी पंधरा तासांत संपायला हवी. ती दोन-अडीच दिवस तग कशी धरते? हिशेब जुळत नाही.

काळी वायर
तुमची शंका बरोबर आहे, आकडाच खोटा आहे. दार उघडं होतं ना? शिवाय निगेटिव्ह काढून परत जोडली की गाडीतली सगळी इलेक्ट्रॉनिक युनिटं दचकून जागी होतात. त्यांना झोपायला वीसेक मिनिटं लागतात, काही गाड्यांत बरीच जास्त. तेवढं थांबून जो आकडा स्थिर होईल तो खरा.

दाराचं कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे दार उघडं असूनही गाडीला ते लागल्यासारखं वाटेल. (दार आपटण्याआधी हँडल ओढून ते पुन्हा मोकळं करा. मी एकदा विसरलो होतो.) लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात. मीटर जोडलेला असताना किल्लीला हात लावायचा नाही, सेल्फ शंभराच्या वर अँपिअर खेचतो. शेवटी ०.०५ अँपिअरच्या आत दिसलं तर गाडी निर्दोष.

चौथा गियर
बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम आहे का? माझ्या गाडीत तोच चोर होता. बसवणाऱ्याने लाल वायर (किल्लीबरोबर बंद होणारी) आणि पिवळी (कायम चालू) एकत्र पिळून कायमच्या सप्लायला जोडली होती. किल्ली काढली तरी सिस्टिम आतून जागीच.

डायनामोवर (म्हणजे अल्टरनेटर, इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा) मात्र वेळ घालवू नका. १४.१ देतोय म्हणजे तो ठणठणीत.

ताळेबंद
सिस्टिम मूळचीच आहे, बाबांना गाण्यांपेक्षा बातम्या प्रिय.

काल संध्याकाळी बसले. पहिल्या प्रयत्नात सवयीने किल्ली फिरवलीच. मीटरच्या पोटातला फ्यूज गेला. हसू नका. आज नवा टाकून पुन्हा: सुरुवातीला २.६, मग १.१, अठराव्या मिनिटाला ०.३८ आणि तिथेच ठाम. चाळीस मिनिटं बघितलं, काटा असता तर गंजला असता.

आता हिशेब लागतो. ६० तास गुणिले ०.३८ म्हणजे जवळपास २३ अँपिअर-तास, अर्धी बॅटरी. आणि माझा रोजचा प्रवास दहा मिनिटांचा, त्यामुळे ती मुळात पूर्ण भरतच नसणार.

काळी वायर
०.३८ ते ०.४२ दिसलं की मी आधी पाच वॅटचा बल्ब शोधतो. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर, पाच भागिले बारा करून बघा. डिकीचा दिवा नाहीतर ग्लव्ह बॉक्सचा. झाकण लावल्यावर स्विच दाबला जात नसेल, तर दिवा आत जळत राहतो आणि बाहेरून कळतही नाही. पैजेवर सांगतो.

ताळेबंद
पैज हरलात, काका. मोबाईल व्हिडिओवर ठेवून डिकी बंद केली, मग ग्लव्ह बॉक्स. दोन्हीकडे काळोख. आता कुठली लाइन करंट खातेय ते बघायला एकेक फ्यूज उपटू का?

काळी वायर
हरलो. पण फ्यूज उपटू नका. उपटून परत लावला की झोपलेलं युनिट उठतं आणि वीस मिनिटं पुन्हा शून्यापासून. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात. बॅटरी नेहमीसारखी जोडा, गाडी झोपू द्या, मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या दोन ठिपक्यांना टोकं लावा. फ्यूजमधून करंट जात असेल तर थोडा व्होल्टेज दिसतो. १० अँपिअरच्या फ्यूजमधून ०.३८ जात असतील तर दोन-तीन मिलिव्होल्ट. शून्य असेल तर ती लाइन सोडून द्या.

ताळेबंद
हे फार आवडलं. खातेवही तपासल्यासारखं एकेक खातं. आतल्या डब्यातले आणि बोनेटखालचे सगळे छोटे फ्यूज तपासले. रेडिओच्या फ्यूजवर ०.१ मिलिव्होल्ट, बाकी शून्य. कुठल्याच खात्यात नोंद नाही, पण तिजोरीतून रक्कम जातेय!

काळी वायर
मग ती रक्कम खातेवहीत न लिहिताच जातेय. बॅटरीवरून जाड वायर थेट कुठे जाते? सेल्फला आणि डायनामोला. चौथा गियर, माफ करा, पण मला डायनामोचाच संशय आहे.

आत साधारण सहा डायोड असतात, काहींत आठ. त्यांचं काम करंट एकाच दिशेने जाऊ देणं. त्यातला एक उलटा गळायला लागला तरी बाकीचे मिळून १४ व्होल्ट दाखवू शकतात. गाडी बंद झाली की त्याच गळक्या डायोडमधून बॅटरी उलटी रिकामी होऊ शकते.

निगेटिव्ह काढा. डायनामोच्या मागची जाड वायर नट सोडवून काढा आणि तिच्या टोकाला टेप गुंडाळा. ती थेट बॅटरीची वायर आहे, बॉडीला टेकली तर ठिणग्यांचा खेळ होईल. मग मीटर पुन्हा निगेटिव्हमध्ये. या अवस्थेत इंजिन चालू करायचं नाही.

चौथा गियर
इंजिन चालू ठेवून मीटर एसीवर (दिशा बदलणाऱ्या व्होल्टेजवर) लावला तर कळेल ना? अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की डायोड खराब, असं ऐकलंय.

काळी वायर
इशारा म्हणून ठीक. पण काही स्वस्त मीटर एसीवर डीसीसुद्धा (बॅटरीचा एकाच दिशेचा व्होल्टेज) मिसळून दाखवतात आणि माणूस चांगला डायनामो खोलून बसतो. वायर काढून बघणं हा पक्का पुरावा.

ताळेबंद
०.०२!

वायर जागेवर टेकवली की ०.३८, उचलली की ०.०२. चार वेळा केलं. चौथ्यांदा नुसतं सुख म्हणून.

ताळेबंद
दहा दिवसांनी आले. ऑटो इलेक्ट्रिशियनने डायनामो खोलून डायोडची प्लेट बदलली, बेअरिंगही कुरकुरत होतं, तेही. बॅटरी एक रात्रभर चार्जरवर पूर्ण भरून घेतली. शुक्रवार ते सोमवार गाडी जागची हलवली नाही. सोमवारी १२.६, आणि सेल्फ एका झटक्यात.

काळी वायर
झकास. एक विचारू? पहिली, जुनी बॅटरी कितव्या दिवशी बसायची?

ताळेबंद
तिसऱ्याच. ती मी बदल्यात देऊन टाकली.