गावकी आधी, देव नंतर?

सरळमार्गी_परळ: काल इथे एकाने लिहिलं की गावकीने, म्हणजे गावच्या पंचायतीने, वाळीत टाकलेल्याच्या मयताला गावच्या मुंबई मंडळातलं कुणीही जाऊ नये, कारण "एकी टिकवणं हाच धर्म". वाचून डोकं फिरलं. मयताला खांदा देणं देवाने घालून दिलेलं आहे, ते ठरावाने रद्द होत नाही. भीष्म हस्तिनापूरच्या गादीशी बांधले गेले आणि द्रौपदीची विटंबना बघत बसले. दुर्योधनाचा भाऊ विकर्ण सभेत तिच्या बाजूने बोलला, तरी युद्धात कौरवांकडेच राहिला आणि भीमाच्या हातून मेला. युयुत्सू ऐन रणांगणात पांडवांकडे गेला. धृतराष्ट्राच्या मुलांत तोच वाचला.

कोकणी_बाणा: पोथी नको सांगूस. गावकी नसली तर शिमग्याला पालखी कोण नाचवणार? आणि आमच्याकडे देवाचा कौल घेऊनच ठरतं. म्हणजे हुकूम देवाचाच.

देवघर_दादर: कौल लागतो कसा? गुरव देवाला ओल्या कळ्या नाहीतर तांदूळ चिकटवतो, गाऱ्हाणं घातलं जातं, उजवीकडची कळी पडली की होकार. पण प्रश्न ठरवतात मानकरी. "याला वाळीत टाकू का?" हे विचारतात, "आमचं चुकतंय का?" हे कधीच नाही. पाणी कमी लागलं तरी कळी गळते. डावा, म्हणजे नकार, आला तर हवा तो येईपर्यंत पुन्हा लावणारेही आहेत. ह्याला देवाचा हुकूम म्हणता?

कोकणी_बाणा: गुरवावर घसरू नका! पिढ्यान्‌पिढ्या सेवा केलीय त्यांनी.

देवघर_दादर: गुरवाला बोललेच नाही. त्याचं पोट त्याच गावकीवर, नको तो कौल तो कोणत्या बळावर सांगणार?

काळा_कोट: कौल राहू द्या. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, साथ देणाऱ्यालाही. तक्रार पोलिसांत किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे. घोडं अडतं पुराव्यावर: ठराव तोंडी असतो आणि वाळीतून परत घेतानाच्या दंडाची पावती 'देणगी' म्हणून फाडतात, तीही मागितली तर. पावती घ्याच, ग्रुपवरचे मेसेज जपा, विरोध इतिवृत्तात लिहायला लावा.

कोकणी_बाणा: दंड चुकीचा, एवढं मान्य. पण गावात पोलीस आणणारा आपला नव्हे.

सरळमार्गी_परळ: मग दंड चुकीचा हे मंडळाच्या बैठकीत उभं राहून बोल. आणि त्या घरी मयत झालं तर ठराव न विचारता खांदा द्यायला जा.