विद्यापीठाच्या कलादालनात पाऊल ठेवलं तेव्हा : खानदेशकरांचे अनुभव

शिक्षिका, अमळनेर

सासूबाईंना काशी दाखवायची होती, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत भुसावळहून गाडी धरली. गंगास्नान झालं, विश्वनाथ झाला, अन्नपूर्णा झाली. परतीची गाडी रात्रीची होती. दुपार मोकळी म्हणून बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारातलं विश्वनाथ मंदिर पाहिलं. बाहेर आलो तर रिक्षावाल्यानेच विद्यापीठाच्या संग्रहालयाचं विचारलं, "भारत कला भवन देखा?"

मी वीस वर्षं मराठी शिकवते. तरी माझ्या मनात विद्यापीठ म्हणजे परीक्षेचं, पदवीचं, मार्कशीट दुरुस्त करून आणण्याचं ठिकाण. तिथे घरच्या माणसांना घेऊन तिकीट काढून मूर्ती आणि चित्रं पाहायला जायचं, हे कधी सुचलंच नव्हतं.

आत गोवर्धन उचललेल्या कृष्णाची गुप्तकाळातली मूर्ती आहे, बनारसच्याच बकरिया कुंडाजवळ सापडलेली. सासूबाई तिच्यासमोर थांबल्या, सवयीने चपला काढल्या आणि हात जोडले. मला वाटलं, आता कुणीतरी हटकणार. पहारेकरी जवळ आला, म्हणाला, "माताजी, आराम से देखिए." मग त्यानेच आम्हाला लघुचित्रांकडे नेलं. खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने ही चित्रं काढत, हे त्याने सांगितल्यावर सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून बघायला सुरुवात केली. गाडी चुकते की काय, अशी वेळ आली.

राय कृष्णदासांनी 1920 मध्ये या संग्रहाची सुरुवात केली, रवींद्रनाथ ठाकूर संस्थेचे पहिले अध्यक्ष होते आणि 1950 मध्ये हे सगळं विद्यापीठाकडे आलं. कुणी एकाने जन्मभर जमवलं, विद्यापीठाने सांभाळलं, आणि अमळनेरच्या एका म्हातारीला ते बघता आलं. तेव्हापासून मनात आहे की आपल्याकडच्यांना विचारावं : विद्यापीठाच्या अशा जागी तुम्ही पहिल्यांदा कधी गेलात? कोणी नेलं? दारात पाय अडखळला का? नावाजलेल्या कलावंतांचे अनुभव खूप वाचायला मिळतात, आपल्यासारख्यांचे मिळत नाहीत. जरूर लिहा.

चित्रकला शिक्षक, दोंडाईचा

ताई, मी बडोद्याला शिकलो, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात. (सयाजीराव मूळचे कवळाण्याचे, मालेगाव तालुक्यातले. म्हणजे आपल्या शेजारचेच. बडोद्यात हे मी सगळ्यांना सांगायचो.) 1950 मध्ये हा विभाग सुरू झाला. बेंद्रे, शंखो चौधरी, के. जी. सुब्रमण्यन अशा नामवंत चित्रकार-शिल्पकारांनी तिथे शिकवलं. पण मला माझ्या वडिलांबद्दल लिहायचं आहे.

आबा गवंडी. चाळीस वर्षं थापी आणि ओळंबा हातात. गावात कुणी विचारलं, पोरगं काय शिकतं, की म्हणायचे, "रंगकामनं कायतरी शे." त्यांचा काही दोष नव्हता, मीच कधी नीट सांगितलं नव्हतं. शेवटच्या वर्षाचं वार्षिक प्रदर्शन असतं तेव्हा सगळे स्टुडिओ बाहेरच्या लोकांसाठी उघडे असतात. मी हट्टाने बोलावलं. ते नंदुरबारवरून सुरतला, तिथून बडोद्याला आले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी. फाटकाजवळ उभेच राहिले. पोरं-पोरी येत-जात होती, कुणी मातीने भरलेली, कुणी शाईने. मी हात धरून आत नेलं.

चित्रांसमोरून ते भराभर पुढे गेले. मला वाईट वाटलं. मग भित्तिचित्रांच्या भागात आलो आणि ते एका फळ्यासमोर थांबले. बोटाच्या पेराने कड चाचपली. म्हणाले, "हाऊ गिलावा ओला व्हता तवय रंग दिधा का?"

तो तुकडा माझ्या वर्गमैत्रिणीचा होता. ती पुढे आली आणि दोघं जवळजवळ तासभर बोलले. ती गुजराती, आबांची अहिराणी, काही अडलं नाही. विरवलेला चुना किती दिवस मुरवला, वाळू कुठली, चाळली किती बारीक. तिने सांगितलं की ओल्या चुन्यावर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग देतात, डिंक लागत नाही. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचा पुन्हा चुनखडीचा दगड होतो, रंग त्यातच कोंडला जातो. म्हणून एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा रोज चढवायचा. आबा म्हणाले, हे तर आम्हाला माहीत आहे, सुकलेल्या चुन्याला काही चिकटत नाही. फक्त त्यावर चित्र निघतं, हे ठाऊक नव्हतं.

मग तिने अजिंठ्याचं सांगितलं. तिथली पद्धत वेगळी. दगडावर मातीचा लेप, त्यात भाताचा तूस, गवत, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर डिंकासारखं काही घालून रंग. म्हणून ओल आणि किडे यांचा तिथे इतका त्रास. आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "आपला घरनी भीत बी आशीच शे." अजिंठा आम्हाला इतका जवळ, आबा शाळेच्या सहलीलाही गेले नव्हते कारण शाळाच दुसरीत सुटली. अजिंठ्याच्या भिंतीची गोष्ट त्यांना बडोद्यात कळली.

संध्याकाळी कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं दाखवली. तिथे त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

परत आल्यावर पावसाळ्याआधी त्यांनी घराच्या मागच्या भिंतीवर हातभर लांबीचा तुकडा चुन्याने घोटून गुळगुळीत केला आणि मला हाक मारली, "काढ आते." मी मोर काढला. आबा आता नाहीत. मोर आहे. एका कोपऱ्यात पोपडा आलाय, त्याला मी हात लावत नाही.

केळी उत्पादक, रावेर

भाची पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक शिकत होती. हे केंद्र 1987 पासून आहे, तिथे नृत्य, संगीत, नाटक शिकवतात. प्रयोगाला या म्हणाली. मी बियाण्याच्या कामाने पुण्यात होतो, तसाच गेलो. अंगणमंच म्हणून जागा आहे, अंगणच खरं, झाडाखाली बसल्यासारखं. पडदा नाही, माईक नाही. बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ येत होतं. प्रयोग संपला आणि ज्या पोरीने राणीचं काम केलं होतं तीच खराटा घेऊन झाडायला लागली. दुसऱ्या पोरांनी सतरंज्या घड्या केल्या. मला फार बरं वाटलं. आमच्याकडे घड उतरवणारा माणूसच शेवटी बाग साफ करतो, त्याच्याशिवाय काम पुरं झालं असं आम्ही मानत नाही.

एसटी वाहक, धुळे आगार

मला वाईट अनुभव लिहायचा आहे, चालेल ना? एका विद्यापीठाच्या दालनात (नाव लिहीत नाही) शिल्पांचं प्रदर्शन होतं. मुक्कामाची गाडी होती, दुपारी दोन तास रिकामे. दारावर मोठ्या अक्षरात "सर्वांसाठी खुले" होतं. खाकी कपडे बघून दारावरच्याने विचारलं, कुणाला भेटायचंय? म्हटलं, कुणाला नाही, बघायचंय. तो म्हणाला, मग साहेबांची चिठ्ठी आणा. मी वाद घातला नाही, परत फिरलो. बसमध्ये बसून डबा खाल्ला पण घास उतरेना.

ताईंच्या सासूबाईंना त्या पहारेकऱ्याने जे म्हटलं ते वाचून हे लिहावंसं वाटलं. दालन कितीही चांगलं असू द्या, ते उघडं आहे की बंद हे दारावरचा माणूस ठरवतो. त्याला दोन शब्द शिकवा, एवढंच मागणं आहे.

दोन वर्षांनी मुलीने मला दुसऱ्या शहरात, दुसऱ्या विद्यापीठाच्या प्रदर्शनाला नेलं. तेव्हाही मी मुद्दाम खाकीच घालून गेलो. कुणी काही विचारलं नाही. एका मुलाने पाणी आणून दिलं.

वाचनालयाचे कर्मचारी, चाळीसगाव

वाहकभाऊ, आमच्या गावी उतरलात तर केकी मूस यांचं कलादालन बघा. ते विद्यापीठाचं नाही, हे मान्य, पण स्टेशनजवळ आहे आणि दोन तासांत होतं. 1912 ते 1989 हा त्यांचा काळ. टेबलावर मीठ, कापूस, काड्या मांडून त्यांनी डोंगर आणि हिमवर्षाव वाटावा असे फोटो घेतले. स्वतः मात्र कित्येक दशकं घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. मी स्वतः बरोबर येईन.

विद्यार्थिनी, जळगाव

आमच्या विद्यापीठाला 2018 मध्ये बहिणाबाईंचं नाव मिळालं. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतली म्हणून राहिली. माझी आजी भादलीची. तिलाही अक्षरओळख नाही. विद्यापीठाच्या युवारंग महोत्सवाला तिला मुद्दाम घेऊन गेले.

गाण्या-नाचाकडे ती वळलीच नाही, मातीकामाच्या स्पर्धेपाशी दोरीला टेकून उभी राहिली. विषय आयत्या वेळी देतात, अडीच तासांत पुरं करायचं. एका मुलाच्या मूर्तीचा हात सारखा तडकत होता. आजी मोठ्याने म्हणाली, "माती चाळली नई का रे? भेगा पडतीन तिले. भुसा टाक त्यात." स्वयंसेवकाने हळूच सांगितलं, आजी, बाहेरून सांगायचं नसतं. मग ती पदर तोंडाला लावून गप्प उभी राहिली, पण हात आपोआप माती मळल्यासारखे हलत होते.

वेळ संपल्यावर तो मुलगा स्वतः आला. विचारलं, भुसा कधी घालायचा, किती. आजी खाली बसली आणि उरलेल्या मातीची वीतभर चूल करून दाखवली, बाजूच्या वैलासकट. चार-पाच जण भोवती जमले. त्याने ती चूल आपल्या मूर्तीशेजारी टेबलावर ठेवली आणि चिठ्ठी लिहायला घेतली. आजीला नाव विचारलं. तिने सांगितलं, त्याने लिहिलं.

आजीने ती चिठ्ठी हातात घेतली, जरा लांब धरली आणि मला विचारलं, "हे माहं नाव व्हय?"