शब्दचर्चा : कंपनीची ‘संस्कृती’ की ‘वळण’?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक) : संस्थापक गेल्यानंतर संगणक कंपन्या आतून कशा बदलतात, यावरील एका लेखाचा मी अनुवाद करत आहे. त्यात ‘कल्चर’ हा शब्द परिच्छेदागणिक येतो. ‘कंपनीची संस्कृती’ म्हटले की मला सिंधू संस्कृती आठवते आणि ‘कार्यसंस्कृती’ला परिपत्रकाचा वास येतो. दुसरा शब्द सुचवावा.

उत्तर (पंचवटी) : ‘संस्कृती’ चुकीचा नाही, बंगालीनेही तो मराठीकडून घेतल्याचे भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी सांगत. मात्र आपल्या विषयाला मी ‘वळण’ सुचवेन, आणि तेही त्याच्या क्रियापदांसाठी. वळण कोणीतरी लावतो, ते लागते, अंगी मुरते आणि मोडतेही. संस्कृतीबाबत आपण असे बोलत नाही. ह्यूलेट-पॅकार्डचेच पाहा. १९७० साली मागणी घटली तेव्हा दोघा संस्थापकांनी माणसे कमी केली नाहीत. कामाच्या दहा दिवसांतील एक दिवस बिनपगारी सुटी, म्हणजेच दहा टक्के वेतनकपात, यात सर्वांना सामील करून घेतले. तेथील लोक ज्याला ‘एचपी वे’ म्हणत, ते हे वळण होते. पॅकार्ड १९९६ मध्ये आणि ह्यूलेट जानेवारी २००१ मध्ये निवर्तले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कर्मचाऱ्यांना स्वेच्छेने वेतन सोडण्याची विनंती झाली, हजारोंनी ती मानली, आणि जुलैमध्येच सहा हजार जणांच्या कपातीची घोषणा झाली. येथे ‘संस्कृती बदलली’ हे फार मवाळ होईल; ‘वळण मोडले’ असेच लिहावे.

प्रश्नकर्ते : आभारी आहे. परंतु ‘कंपनीचे वळण’ वाचून कोणाला रामकुंडापाशी दक्षिणेकडे वळणारी गोदावरी आठवली तर? शिवाय ॲपलमध्ये काही मोडले असे लेखक म्हणत नाही.

उत्तर : ‘कामाचे वळण’ लिहिल्यास नदी आड येणार नाही. ॲपलसाठी ‘शिरस्ता’ हा शब्द जवळ ठेवावा. तो फारसी ‘सररिश्ता’वरून, म्हणजे धाग्याच्या टोकावरून आला, टोक हाती असते, धागा कोणी कातला हे विचारावे लागत नाही. मी काय केले असते हे कधीही विचारू नका, असे संस्थापक स्टीव्ह जॉब्ज यांनी बजावल्याचे त्यांचे उत्तराधिकारी टिम कुक यांनी ऑक्टोबर २०११ मधील जॉब्ज यांच्या स्मरणसभेत सांगितले. आपण लावलेल्या वळणाचा शिरस्ता होऊ नये, हीच ती काळजी आहे, असे मला वाटते.

आणखी एक वाचक (सातपूर) : आमच्या कारखान्यात याला ‘मालकांचा खाक्या’ म्हणतात. मालक जाऊन बरीच वर्षे झाली, तरी पाळी संपताना यंत्र पुसूनच निघायचे, हे कालच्या मुलालाही ठाऊक आहे. याला आपण काय म्हणाल?

उत्तर : ‘खाक्या’ त्या माणसाबरोबर जातो, म्हणून येथे तो चालणार नाही. मुले आपणहून पुसत असतील तर वळण, पर्यवेक्षक पाहतो म्हणून पुसत असतील तर शिरस्ता.

सातपूरचे वाचक : मग शिरस्ताच लिहावा.