व्ही-८ पिकअप ट्रक : एक्झॉस्ट सिंगलच ठेवू की डबल करू? मदत हवी आहे

ओझेवाला
मंडळी, पिकअप ट्रकचा सायलेन्सर शिवणीवर सडलाय, मागचा पाइपही गेल्यातच जमा. एवीतेवी सगळं उतरवायचंच आहे, तर डबल, म्हणजे दोन वेगळे पाइप मागे नेऊन घ्यावेत का?

इंजिन ५.३ लिटर पेट्रोल व्ही-८, टर्बो नाही, ताकद सुमारे ३१५ एचपी. मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारे नळ) कंपनीचेच. दोन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारे डबे), मग दोन पाइप एकात मिळवणारा वाय-पाइप, तिथून एकच पावणेतीन इंची पाइप मागे. महिन्यातून तीन-चारदा दोन टनांचा ट्रेलर ओढायचा असतो. आवाज जरा भारदस्त झाला तर हवाच आहे, पण हायवेवर घूं घूं नको. वेल्डिंग घरीच करणार आहे. जाणकारांनी सुचवावं.

नळीबहाद्दर
आधी पाइपचं तोंड मोजा, शेपट्या नंतर. ढोबळ नियम असा: दर एचपीमागे २.२ सीएफएम (मिनिटाला घनफूट) वायू बाहेर पडायला वाट हवी, आणि सरळ पाइपच्या एका चौरस इंचातून साधारण ११५ सीएफएम आरामात जातो. १६ गेज पाइपची जाडी ०.०६५ इंच, म्हणजे आतला व्यास बाहेरच्यापेक्षा ०.१३ इंच कमी धरा.

पावणेतीन इंची एक: ५.४ चौ. इंच, सुमारे २८० एचपी
तीन इंची एक: ६.५ चौ. इंच, ३३८ एचपी
सव्वादोन इंची दोन: ७.१ चौ. इंच, ३६९ एचपी
अडीच इंची दोन: ८.८ चौ. इंच, ४६१ एचपी

म्हणजे मूळ पाइप वरच्या आरपीएमला किंचित आवळतोय, आणि तीन इंची एकाच पाइपमध्ये तुमचं काम भागतं. अडीचची जोडी या इंजिनाला ढगळ. ढगळ पाइपात वायू मंदावतो, गार होतो, आणि सिलिंडर रिकामा करणारी ओढ खालच्या आरपीएमला कमी पडते. ट्रेलर नेमका तिथेच ओढायचा असतो. ‘इंजिनाला बॅकप्रेशर (पाइपातला उलटा दाब) लागतं’ हे जे ऐकू येतं ते इथूनच आलंय. लागतो तो वायूचा वेग, दाब नव्हे.

आणि हो, पाइप मँड्रेलवर, म्हणजे आत आधार घालून, वाकवलेला घ्या. साध्या प्रेसवर वाकवला की बाकात चेपतो आणि वरचा सगळा हिशेब बोंबलतो.

गेजमास्तर
हिशेब बरोबर, पण काही कापण्याआधी दाब मोजा. इंजिन कोमट असताना पुढचा ओ-टू (ऑक्सिजन) सेन्सर काढा (गार इंजिनावर आटे सोलवटतात) आणि त्या १८ मिमीच्या भोकात दाब मोजायचा गेज लावा. आयडलला दीड पीएसआयच्या आत, २५०० आरपीएमला तीनच्या आत असेल तर ठीक. जास्त दाखवलं तर बहुधा कन्व्हर्टर तुंबलाय, आणि त्यामागे दोन काय चार पाइप लावलेत तरी उपयोग नाही. सायलेन्सर गळत असेल तर आकडा थोडा कमीच दिसेल, तेवढं धरून चाला.

एक्स_पाइप
आवाजासाठी डबल करायचंच म्हणत असाल तर सव्वादोनची जोडी घ्या, पण दोन पाइप मध्ये जोडल्याशिवाय नाही. या व्ही-८ मध्ये एकाच बाजूचे सिलिंडर समान अंतराने पेटत नाहीत: क्रँकच्या फिरण्यात कधी ९० अंशांनी, कधी १८०, कधी २७० अंशांनी. एका पाइपात गर्दी, तेव्हा दुसरा मोकळा. दोन पाइपांना जोडणारा एच किंवा एक्स आकाराचा पाइप ती गर्दी वाटून घेतो. जागा शोधायची जुनी युक्ती: कन्व्हर्टरच्या मागे दोन्ही पाइपांवर साध्या रंगाची पट्टी ओढा, गाडी दामटून आणा, रंग जिथपर्यंत जळतो त्या टोकाला जोड द्या.

कन्व्हर्टर आणि चारही सेन्सर आहेत तिथेच राहू द्या. जागेची अडचण मात्र खरी आहे. एका बाजूला इंधनटाकी, मागे स्टेपनी, मध्ये प्रोपेलर शाफ्ट. सगळीकडून किमान एक इंच मोकळं हवं. टाकी आणि ब्रेक होजजवळ त्याहून जास्त, वर उष्णतारोधक पत्रा. ॲक्सलवरचा बाक गाडी चाकांवर उभी करून, मागे वजन टाकून तपासा. जॅकवर चेसिस टांगली की ॲक्सल खाली लोंबतो, सगळं छान बसल्यासारखं वाटतं, आणि पहिल्याच खड्ड्यात पाइप ठोकतो.

गेजमास्तर
शिवाय डबलमध्ये प्रत्येक पाइपात निम्माच वायू. पाइप उशिरा तापतात, जवळच्या फेऱ्यांत आतलं पाणी सुकत नाही आणि सायलेन्सर आतून सडतो. खालच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडून ठेवतात ते यासाठीच.

ओझेवाला
सर्वांचे आभार. गेजवर आयडलला पाऊण आणि २५०० ला पावणेदोन पीएसआय आलं. तीन इंची सिंगल नक्की. घूं घूंचं काय करू? आणि वेल्डिंगला काय सांभाळायचं?

नळीबहाद्दर
घूं घूं बहुतेक २००० आरपीएमच्या आसपास येईल. व्ही-८ एका फेऱ्यात चारदा पेटतं, म्हणजे १३३ हर्ट्‌झ. २०० अंश तापमानाच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ४३५ मीटर. त्या लहरीचा चतुर्थांश ८२ सेंटिमीटर. सायलेन्सरमागे तेवढ्या लांबीची, टोक बंद असलेली फांदी जोडली की तो सूर बराच मरतो. सुरुवातीला ९० ठेवा आणि गाडी चालवून पाहत दोन-दोन सेंटिमीटर कापत या. लांब पाइप कापता येतो, आखूड झालेला वाढवायचा वैताग.

वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी शेजारी लावा. गॅल्व्हनाइज्ड पाइप वेल्ड करू नका, जस्ताचा धूर विषारी. ॲल्युमिनाइज्ड किंवा ४०९ स्टेनलेस घ्या. आधी सगळीकडे नुसते टाके मारा, हँगर रबरं ताणाशिवाय बसतायत का पाहा, मग पुढून मागे पक्कं करत जा. सायलेन्सरला बँड क्लॅम्प लावा. यू-बोल्ट पाइप चेपतो, पुन्हा सुटत नाही. सेन्सरच्या पुढे, इंजिनाकडच्या बाजूला, सुईएवढीही गळती नको. बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) वाटतं आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) उगाच पेट्रोल वाढवत बसतो.

एक्स_पाइप
वाय-पाइपच्या जोडाकडेही टॉर्च मारून बघा. दोन फांद्या मिळतात तिथे तोंड आवळलेलं असेल तर नुसता मागचा पाइप तीन इंची करून फरक पडणार नाही, तो जोडही बदलावा लागेल. मागचं टोक चाकाच्या मागे बाजूला काढा, बॉडीच्या खाली सोडू नका. धूर केबिनमध्ये शिरतो.